अठराव्या वर्षी चिकटलेला आकडा

२५ मार्च २०२२ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर लान्स फ्रँकलिनने कारकिर्दीतला हजारावा गोल मारला आणि खेळच थांबला. प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानात धावले. सामना पुन्हा सुरू व्हायला सुमारे अर्धा तास लागला. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावर हा टप्पा त्याच्याआधी फक्त पाच जणांनी गाठला होता. मेलबर्नच्या रिचमंड क्लबच्या चाहत्यांना मात्र त्या रात्री एक जुनी ठसठस पुन्हा जाणवली असेल. २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या पाळीपाळीने होणाऱ्या निवडीत, चौथी पाळी रिचमंडची होती आणि त्यांनी रिचर्ड टॅम्बलिंगला निवडलं. पाचवी पाळी हॉथॉर्नची होती. त्यांनी फ्रँकलिनला घेतलं.

ही गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. रिचमंड आंधळं ठरतं, हॉथॉर्न डोळस. पण त्याच यादीत थोडं वर पाहिलं की गोष्ट फिरते. दुसरी पाळीही हॉथॉर्नचीच होती आणि तेव्हा त्यांनी जॅरिड रफहेडला पसंती दिली होती. फ्रँकलिनला आधी बाजूला ठेवणाऱ्यांत हॉथॉर्नही होतं. रिचमंडने चौथ्या पाळीला त्याचं नाव घेतलं असतं, तर हॉथॉर्नच्या निवडकर्त्यांना आज कोणी द्रष्टं म्हटलं नसतं.

मराठी वाचकाला मेलबर्न क्रिकेट ग्राउंड ओळखीचं आहे ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. पण वर्षाचा मोठा भाग ते मैदान ‘फूटी’चं, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं असतं. हा खेळही क्रिकेटच्याच कुशीत जन्मला. क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात तंदुरुस्त राहावं म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा, असं पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये छापून आणलं आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये खेळाचे नियम लिहिले गेले. अंडाकृती चेंडू, लंबवर्तुळाकार मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू आणि धक्का कुठल्याही दिशेने बसण्याची शक्यता, असा हा मामला आहे.

आज या खेळाच्या सर्वोच्च लीगमध्ये अठरा क्लब आहेत. नव्या मुलांची वाटणी १९८६ पासून ड्राफ्टने होते. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो. इथे पाळी बोलते. गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या क्लबला पहिली निवड मिळते, म्हणजे दुबळ्याला हात मिळावा. मुलाला क्लब निवडता येत नाही. पर्थच्या मुलाचं नाव मेलबर्नच्या क्लबने पुकारलं, तर बारावीची परीक्षा आटोपून खंडाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड हलवायचं.

त्याआधी त्याची कसून पारख होते. क्लबांचे निवडकर्ते वर्षभर अठरा वर्षांखालील सामने पाहत फिरतात. मग ड्राफ्टच्या तोंडावर निवडक मुलांना एकत्र बोलावून चाचण्या घेतल्या जातात. वीस मीटरची धाव, उभ्याने मारलेली उडी, झटपट वळणं घेत धावणं, दमसासासाठी दोन किलोमीटरची शर्यत. डॉक्टर सांधे तपासतात, क्लब मुलाखती घेतात. यातली एकही गोष्ट निरर्थक नाही. मंद पावलांच्या मुलाला या खेळात खरोखरच जड जातं.

तरीही एक पेच उरतो. घड्याळाने आणि फुटपट्टीने जे मोजता येतं, ते सगळ्याच क्लबांच्या कागदावर सारखं असतं. त्यावर वाद होत नाही. वाद होतो तो उरलेल्या गोष्टींवर. चेंडू कुठे पडणार हे मुलाला इतरांच्या आधी कळतं का? सलग तीन पराभवांनंतर तो सरावाला कसा येतो? त्याचं शरीर अजून वाढायचं आहे, की तो आत्ताच पुरा वाढून बरोबरीच्या पोरांना लोळवतो आहे? शेवटचा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. पात्रतेसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच यादीत येतात, पण त्या वयात अकरा महिन्यांनी खांद्यांची रुंदी बदलते. निवड झालेल्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त भरतं, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे.

२००९ च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्न क्लबकडे पहिल्या दोन्ही पाळ्या होत्या. त्यांनी टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह यांना घेतलं. तिसरा डस्टिन मार्टिन रिचमंडला मिळाला आणि पुढे ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल त्याने तीनदा जिंकलं. स्कली दोन मोसमांनी नव्या क्लबकडे गेला. ट्रेंगोव्हला विशीतच सहकर्णधार केलं गेलं. नंतर पायाच्या दुखापतीने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. मेलबर्नची फजिती म्हणून हा किस्सा वर्षानुवर्षं सांगितला गेला. पण त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच निवडकर्त्यांनी चौतिसाव्या क्रमांकावर मॅक्स गॉन नावाचा दोन मीटरहून उंच मुलगा घेतला होता. २०२१ मध्ये मेलबर्नने ५७ वर्षांनी अजिंक्यपद जिंकलं तेव्हा कर्णधार गॉन होता.

यावरून काही जण ड्राफ्ट ही निव्वळ सोडत आहे असा निष्कर्ष काढतात. तो टिकत नाही. वरच्या क्रमांकांवर निवडलेली मुलं सरासरीने जास्त सामने खेळतात. निवडकर्त्यांची नजर एकूणात खरी ठरते. सरासरी मात्र शंभर मुलांबद्दल बोलते आणि आकडा एकेका मुलाच्या कपाळी लागतो. शिवाय तो आकडा एकट्या मुलाच्या गुणांवरून ठरलेलाच नसतो.

२००१ चं वर्ष यासाठी पाहण्यासारखं आहे. तळाला राहिलेल्या फ्रीमँटलकडे पहिली पाळी होती. तयार खेळाडू हवे होते, म्हणून त्यांनी ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन यांच्या बदल्यात पहिली, विसावी आणि छत्तिसावी पाळी हॉथॉर्नला देऊन टाकली. हॉथॉर्नने पहिल्या पाळीत ल्यूक हॉज घेतला. दुसरा ल्यूक बॉल सेंट किल्डाकडे, तिसरा ख्रिस जड वेस्ट कोस्टकडे. जडच्या खांद्यांच्या दुखापतींची क्लबांना धास्ती होती. त्याच जडने पुढे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल दोनदा मिळवलं. मग हॉथॉर्न चुकलं का? हॉज त्यांच्याकडे सोळा मोसम राहिला आणि चार अजिंक्यपदं जिंकला. जड सहा मोसमांनी आपल्या गावी, मेलबर्नला परतला. ‘सर्वांत चांगला मुलगा कोण’ आणि ‘आपल्या घरात कोण रुजेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ड्राफ्टचा क्रमांक दोन्हींचं उत्तर एकाच आकड्यात कोंबतो.

त्याच ड्राफ्टमध्ये गॅरी अ‍ॅब्लेट धाकटा चाळिसाव्या क्रमांकावर जीलाँगला गेला. वडील त्या क्लबचे नामवंत खेळाडू, म्हणून पिता-पुत्र नियमानुसार जीलाँगला तो ठरलेल्या, खालच्या पाळीत घेता आला. म्हणजे त्याचा ‘चाळीस’ हा त्याच्या खेळावरचा अभिप्राय नव्हताच. अठ्ठावन्नावा डेन स्वान कॉलिंगवूडला मिळाला. अ‍ॅब्लेट दोनदा आणि स्वान एकदा ब्राउनलोचे मानकरी झाले.

आकडा असा अनेक हातांनी घडतो. त्यात क्लबची गरज असते, नियमांची चाल असते, एखाद्या डॉक्टरची शंका असते. ओझं मात्र एकट्या मुलाला वाहावं लागतं. २०१३ चा पहिला क्रमांक टॉम बॉइड एका मोसमानंतर मोठ्या कराराने वेस्टर्न बुलडॉग्सकडे गेला आणि प्रत्येक सामन्यात त्याला त्या रकमेच्या तराजूत टाकलं गेलं. २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये शेवटच्या मिनिटांत त्याने लांबून मारलेल्या गोलने सामना खिशात घातला. बुलडॉग्सचं १९५४ नंतरचं ते पहिलं अजिंक्यपद. २०१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मानसिक आरोग्याचं कारण उघडपणे सांगून तो निवृत्त झाला. त्याच विजयी संघात १६८ सेंटिमीटर उंचीचा केलेब डॅनियल होता. त्याचा क्रमांक होता सेहेचाळीस, आणि त्याच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. एकाच संघात, एकाच पदकापर्यंत पोहोचलेल्या या दोघांना वाट मात्र सारखी मिळाली नव्हती.

म्हणून पारख अधिक काटेकोर करण्यापेक्षा ती एकदाच करून न थांबणं अधिक मोलाचं वाटतं. लीगने २०१९ मध्ये मोसमाच्या मध्यावरचा ड्राफ्ट पुन्हा सुरू केला. त्यात रिचमंडने २७ वर्षांचा मार्लियन पिकेट घेतला. तरुणपणी तुरुंगवास भोगलेला आणि अनेक ड्राफ्टमध्ये नाव न निघालेला हा खेळाडू पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या स्थानिक लीगमध्ये खेळत होता. त्याने लीगमधलं पदार्पण केलं ते थेट त्या वर्षीच्या ग्रँड फायनलमध्ये. १९५२ नंतर असं कोणी केलं नव्हतं. रिचमंड जिंकलं. अठराव्या वर्षी मिटलेलं दार सत्ताविसाव्या वर्षी उघडायची सोय नसती, तर पिकेटचं नावही कोणाला कळलं नसतं.

फ्रीमँटलकडून आलेल्या त्या छत्तिसाव्या पाळीचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. हॉथॉर्नने तिच्यावर सॅम मिचेल घेतला. पाय मंद म्हणून आदल्या वर्षी त्याला कोणीच निवडलं नव्हतं. २००८ च्या विजेत्या संघाचा तो कर्णधार झाला, चार अजिंक्यपदं जिंकला, २०१२ चं ब्राउनलोही त्याच्या नावावर लागलं. आता तो हॉथॉर्नचा मुख्य प्रशिक्षक आहे. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या क्लबकडे पाचवी पाळी होती, एकेकाळी फ्रँकलिनला घेतलं तीच. हॉथॉर्नने निक वॉटसनचं नाव पुकारलं. त्याची उंची होती १७० सेंटिमीटर.