मदतीचा हात, पण कुठवर?

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा, हा माझा प्रश्न नातीने परस्पर सोडवला. तिच्या किंडरगार्टनच्या वर्गात आठवड्यातून एक सकाळ मदतीला कोणी आजी-आजोबा हवे होते. तिने बाईंना माझं नाव देऊन टाकलं. इतकी वर्षं प्रयोगशाळेत नोकरी केलेली मी, मनात म्हटलं, पाच वर्षांच्या मुलांना सांभाळण्यात काय अवघड आहे? पण त्या बुटक्या खुर्चीवर बसून मला जे कळलं, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने तुम्हां सर्वांपुढे मांडावंसं वाटतं.

आपली पिढी पाटी, पाढे आणि शुद्धलेखन यांवर वाढली. त्यामुळे सुरुवातीला मला हा वर्ग म्हणजे नुसता पोरखेळ वाटला. एका टबात पाणी, त्यात बूच, नाणं, सफरचंद टाकून काय तरंगतं ते बघायचं. ओल्या कागदात घेवड्याची बी गुंडाळून रोज मोड आला का ते पाहायचं. पण हा "पोरखेळ" विचारपूर्वक मांडलेला आहे. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी शाळा काढली. लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे हीच तिथली पाठ्यपुस्तकं. "मुलांची बाग" या अर्थाचं किंडरगार्टन हे नाव १८४० सालचं. अमेरिकेत ते आणलं तेही आपल्यासारख्याच परदेशी आलेल्या एका आईने. मार्गारेटे शुर्त्स यांनी १८५६ साली विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन इथे स्वतःच्या मुलीसाठी आणि नात्यातल्या मुलांसाठी असा वर्ग सुरू केला, आणि तो चालायचा त्यांच्या मायबोलीत, जर्मनमध्ये! आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं कुठून आणणार? शिंपले, पानं, बिया, खडे यांनाच त्यांनी शिक्षणाची साधनं केलं.

आता माझी गोष्ट. ऑक्टोबर महिना होता. बाईंनी भलामोठा लाल भोपळा आणला होता. आत बिया किती असतील, याचा आधी अंदाज करायचा. कोणी म्हणालं वीस, कोणी म्हणालं दहा लाख. मग मुलांनी कोपरापर्यंत हात घालून गर काढला, बिया धुतल्या आणि दहा-दहा बिया एकेका कागदी वाटीत मोजून ठेवायला सुरुवात केली. माझ्या टेबलावर एक अबोल मुलगा होता. अतिशय मन लावून मोजत होता. त्याच्या शेवटच्या वाटीत नऊच बिया होत्या. बाकी सगळ्यांच्या वाट्या दहाच्या, मग याचीच का उणी? मला राहवलं नाही. त्याची पाठ वळताच शेजारच्या ढिगातली एक बी उचलून मी हळूच त्याच्या वाटीत टाकली.

तो परत आला आणि पुन्हा मोजायला लागला. दहा! त्याने परत मोजल्या. दहाच. त्याचा चेहरा कावराबावरा झाला. "माझ्या नऊच होत्या, मी तीनदा मोजल्या होत्या," म्हणत तो रडायला लागला. "मला मोजताच येत नाही."

मंडळी, त्या क्षणी मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या मुलाचं काहीही चुकलं नव्हतं. माझ्या मदतीने त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला होता. वीस मुलांसमोर मी कबूल केलं, की ती बी मी टाकली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मुलालाच विचारलं, "मग आता काय करायचं?" त्याने डोळे पुसले, एक बी उचलून शेजारच्या ढिगात ठेवली आणि म्हणाला, "आता खरं झालं." नऊ सुट्या बिया मोजायची रीत बाईंकडे होतीच. घाई फक्त मला होती.

घरी येताना मला एक जुनी निळी रिबीन आठवत होती. १९९३ साली मुलगा तिसरीत असताना शाळेत आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करायचा होता. त्याने केलेला पूल वाकडा होता. तो झोपल्यावर आम्ही दोघांनी रात्री दोनपर्यंत बसून नवा पूल उभारला. पहिलं बक्षीस मिळालं. वाकडा पूल कचऱ्यात गेला. ती रिबीन मी अजून जपून ठेवली आहे. भोपळ्याची हकिगत ऐकल्यावर मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आई, त्या रिबिनीची मला भीती वाटायची. कोणी विचारलं, हा जोड कसा बसवलास, तर काय सांगू?" तीस वर्षं त्याने हे बोलून दाखवलं नव्हतं.

कोणी म्हणेल, मग मुलांना हात द्यायचाच नाही का? आपल्याकडे तर हात धरूनच गिरवायला शिकवतात. खरं आहे. माझ्या आजोबांनीही माझा हात धरून पाटीवर "श्री" काढून घेतला होता. पण नंतर त्यांनी हात सोडला आणि म्हणाले, "आता तू." माझा श्री आडवा पडला. तो त्यांनी पुसला नाही, की माझ्या नकळत सरळही केला नाही. मला वाटतं, फरक इथेच आहे. उघड धरलेला आणि वेळेवर सोडलेला हात ही शिकवण. चोरून फिरवलेला हात, मग तो कितीही मायेचा असो, ही लबाडीच. आपलं काम सदोष असलं तरी ते दुसऱ्याच्या नीटनेटक्या कामापेक्षा श्रेयस्कर, असा गीतेचा आशय आपण मोठ्यांच्या व्याख्यानांत ऐकतो. तो पाच वर्षांच्या मुलालाही लागू आहे, हे मला सत्तरीत उमगलं.

आणि परक्या देशात आपल्याला हा मोह जास्तच होतो. आपलं मूल कुठे कमी दिसू नये, ही भीती आपल्याला रात्री दोनपर्यंत जागवते. भीती आपली असते, पण तिची किंमत मूल मोजतं.

दरवर्षी उत्सवाआधी आपल्या देवळात मुलांसाठी शाडूच्या गणपतीची कार्यशाळा असते. अर्ध्या तासात मुलं बाहेर पळतात आणि आई-बाबा सोंड सरळ करत बसलेले दिसतात. मीही त्यांतलीच होते. यंदा नातीच्या गणपतीचा एक कान मोठा झाला, सोंड थोडी तुटली, तिने ती स्वतः पाण्याचा हात लावून जोडली. मी हात मांडीखाली दाबून बसले होते! खूप अवघड गेलं, खरंच सांगते. पण कोणी विचारलं, "ही सोंड कशी जोडलीस?" तर तिच्याकडे उत्तर आहे.

तो बाप्पा आमच्या देव्हाऱ्यात तसाच बसणार आहे. गणपती बाप्पा मोरया!