पाय ऐकत नाहीत



सिल्वासा येथे एका भक्ताच्या घरी प्रसादास बसलो होतो. कुटुंब मूळचे किल्लारी परिसरातील. मुलाला कारखान्यात नोकरी लागली, म्हणून सारे तिकडे राहावयास गेले. घर रस्त्यालगत. एक अवजड ट्रक गेला, फळीवरील भांडी खणखणली, आणि वाढता वाढता वृद्ध माता हातातले पातेले टाकून अंगणात धावल्या. मुलगा ओशाळून म्हणाला, "अप्पाजी, आता तुम्हीच समजावा हिला. भूकंपाला इतकी वर्षं झाली, तरी भितेच." माता खाली मान घालून म्हणाल्या, "कळतंय हो अप्पा, ट्रकच आहे. पण पाय ऐकत नाहीत."

त्या 'पाय ऐकत नाहीत' या शब्दांवर आज चिंतन करू.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणरायाचे विसर्जन झालेले. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो जीव गेले. जे वाचले, त्यांच्या मेंदूत त्या रात्रीचा आवाज कोरला गेला.

तो कोठे कोरला गेला? कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक पेशीसमूह असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच बदाम. आपण रज्जुसर्पाचा दृष्टांत नेहमी ऐकतो. अंधारात दोरी दिसते, मनुष्य उडी मारतो, मग दिवा आणून पाहतो. उडी आधी, दिवा नंतर, असे का? न्यूयॉर्कचे शास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवरील प्रयोगांतून याचा उलगडा केला. आवाजाची वार्ता अमिग्डलाकडे दोन वाटांनी जाते. एक वाट जवळची पण अंधुक; दुसरी मेंदूच्या बाह्य थरातून, विचारपूस करीत जाणारी, म्हणून लांबची. जवळच्या वाटेने वार्ता पोहोचताच छाती धडधडते, तळहात घामेजतात, पाय उचलले जातात. 'हा ट्रक आहे' हे ज्ञान मागाहून येते. मग त्या मातेचे काय चुकले?

तथापि अमिग्डला म्हणजेच भय, असे समजू नये. ज्यांचा हा भाग आजाराने नष्ट झाला होता अशा एका स्त्रीला सापाचेही भय वाटत नसे; परंतु कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगताच ती घाबरली, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. भयाच्या वाटा अनेक आहेत.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सुमंत्र चटर्जी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले की, उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवले तर अमिग्डलातील पेशींच्या शाखा वाढतात; स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र त्या आखडतात. पुढे एकवीस दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डलातील वाढ तशीच राहिली. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. तरीही ताण सरला म्हणजे त्याची खूणही सरते, असे म्हणावयास आपण धजू नये.

वाचकहो, 'भय टाकून द्या' असे मीही पीठावरून अनेकदा सांगितले आहे. त्या दिवशी माझे मला ते शब्द उणे वाटले. जुने भय बहुधा पुसले जात नाही. त्याच्या शेजारी अभयाची नवी आठवण रुजवावी लागते, आणि ती उपदेशाने नव्हे, पुनःपुन्हा आलेल्या अनुभवाने रुजते.

म्हणून मी मातेला काही समजाविले नाही. मुलाला म्हणालो, "बाबा, ट्रक गेला की आईबरोबर तूही अंगणात जा. तिचा हात धर. ट्रक दृष्टीआड होईपर्यंत दोघे पाहा, मग मिळून आत या. हसू नकोस, रागावू नकोस. झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे ने. त्यात लाज कसली?"

तुमच्याही घरात कोणी दाराच्या आवाजाने, कोणी चढ्या स्वराने दचकत असेल. त्याला दोरी दाखविण्याची घाई करू नका. आधी त्याच्या शेजारी उभे राहा, मग दिवा लावा.

शरणु शरणार्थी.