मागे कुणी नसताना

ज्याचा गळा बेताचा, त्याच्या मदतीला यंत्र येतं, असा आपला समज असतो. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, आता कुणीही गातो, अशी कुरकूर तमाशाचे जुने रसिक करतात. मला नेमकं उलटं वाटतं. यंत्राच्या साथीला एकटा उभा राहिलेला गायक लपत नाही, तो उघडा पडतो.

गायक झाकला कशाने जातो, हे ढोलकी फडाच्या तमाशात चांगलं दिसतं. गण सुरू झाला की शाहीर ओळ टाकतो आणि मागे उभे असलेले सुरत्ये ती उचलतात. तुणतुण्याची एकुलती एक तार सूरही धरते आणि ठेकाही. हलगी कडाडते, मंजिरी वाजते, आणि ढोलकीवाल्याचं लक्ष सारखं शाहिराच्या तोंडाकडे असतं. यात्रांचा हंगाम म्हणजे आज एक गाव, उद्या दुसरं, आणि गाणं रात्रभर. घसा कधीतरी बसणारच. अशा रात्री सुरत्ये ओळ जरा लवकर उचलतात, ढोलकीवाला एखादं आवर्तन जास्त वाजवून दम खायला जागा करून देतो. समोरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. त्याला वाटतं, शाहीर पहाडी आवाजात गातोय. तो आवाज खरं तर चार-पाच जणांचा मिळून झालेला असतो.

नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाई वडील आणि चुलते, म्हणजे भाऊ-बापू मांग यांच्या फडात वाढल्या आणि पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा फड उभा केला. १९५७ आणि १९९० साली त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. आजची पोरं म्हणतील, विठाबाई ‘सोलो’ झाल्या. पण स्वतंत्र फड म्हणजे पुन्हा ढोलकीवाले, सुरत्ये, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, तंबू ठोकणारे गडी, सगळं आलंच. नाव त्यांचं, जबाबदारी त्यांची. गाणं मात्र एकटीचं कधीच नव्हतं. तमाशात फड सोडून बाहेर पडणारा माणूस दुसऱ्या फडातच पाऊल टाकतो. दुसरी सोयच नाही.

ती सोय कॉम्प्युटरने करून दिली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या एका शाळेत जमलेल्या पाच मित्रांचा रेडिओहेड हा रॉक बँड. त्याचा गायक थॉम यॉर्क याने जुलै २००६ मध्ये ‘द इरेझर’ हा पहिला स्वतंत्र अल्बम काढला. नऊ गाणी, बहुतेक सगळं संगीत कॉम्प्युटरवर जुळवलेलं. बँड मोडला नव्हता, भांडणही नव्हतं. त्याला फक्त एकट्याने काम करून बघायचं होतं. तोवर आवाज घुमवून, वाद्यांच्या लाटेत बुडवून गायची यॉर्कला सवय होती. निर्माता नायजेल गॉडरिच याने या अल्बमात आग्रह धरला की आवाज कोरडा ठेवायचा आणि पुढे ठेवायचा. ऐकताना ते लगेच जाणवतं. टिकटिकणारे, खरखरणारे ठेके, आणि त्यांच्यापुढे उभा एक उघडा गळा. श्वास घेतलेला कळतो, सूर जिथे थरथरतो तिथे तो थरथरलेलाच ऐकू येतो.

यंत्राचा ठेका पक्का असतो, पण तो कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. दम लागला म्हणून आवर्तन वाढवत नाही, रंग चढला म्हणून लय किंचित पुढे सरकवत नाही. म्हणून गायकाला ठेक्याच्या आत राहूनच सगळं करावं लागतं, आणि त्याचं खरं बळ किती हे तिथे दिसतं. (सूर सरळ करणारी यंत्रं निघाली आहेत, मान्य. पण सूर सरळ झाल्याने गाण्यात जीव येत नाही, हे यात्रेतल्या कर्ण्याखाली बसलेल्या पोरालाही कळतं.)

यॉर्कने तरी साथीदार खरोखर मागे सोडले का? अल्बमच्या शीर्षकगीतात पियानोचे जे तुकडे फिरत राहतात, ते रेडिओहेडच्याच जॉनी ग्रीनवुडचे आहेत, कापून जोडलेले. ‘ब्लॅक स्वान’चा ठेका फिल सेलवे आणि एड ओब्रायन या बँडमधल्याच दोघांनी पूर्वी वाजवलेल्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला. मित्र खोलीत नव्हते, पण त्यांची बोटं फितीत होती. पुढे २००९ मध्ये हीच गाणी मंचावर आणायची ठरली, तेव्हा त्याला बासवर फ्ली, ड्रमवर जोई वॉरोंकर आणि तालवाद्यांवर ब्राझीलचा मौरो रेफोस्को असे वाजवणारे जमवावे लागले. कॉम्प्युटरने केलेला ठेका हातांनी वाजवायला माणसं लागली. समोर श्रोता आला की ठेक्यालाही गायकाच्या तोंडाकडे बघावं लागतं. मला या अल्बमची गंमत त्या नऊ गाण्यांइतकीच या पुढच्या घडामोडीत वाटते.

जुन्नर-आंबेगावात आज कितीतरी मुलं लॅपटॉपवर ठेके करतात, मोबाइलवर गाणी सोडतात. त्यांनी ते जरूर करावं. एकट्याने, कोरड्या आवाजात गाऊन बघण्यासारखी परीक्षा नाही. फक्त हाताशी मोबाइल आहे तोवर आपल्या गावच्या ढोलकीवाल्याकडे आणि सुरत्यांकडे जा. त्यांचं वाजवणं, ओळ उचलणं सुटं सुटं ध्वनिमुद्रित करून ठेवा, गाण्यात वापरा. आणि वापरलंत तर त्यांचं नाव लिहा, त्यांना पैसे द्या.