तहान न लागणारा कुत्रा

काशीच्या ब्रह्मा घाटावरील जुन्या मराठी वस्तीत कुत्री पायऱ्यांवरच झोपतात. १९९९ साली आलेला सोनीचा यांत्रिक कुत्रा ‘आयबो’ त्यांच्याहून गुणी: चेंडूमागे धावतो, गोंजारले की शेपटी हलवतो. जपानमध्ये बंद पडलेल्या आयबोंसाठी बौद्ध मंदिरात प्रार्थनाही झाल्या. आपण हसू नये. ती माया खरीच. पण बॅटरी उतरली की नवा आयबो स्वतःच चार्जरवर जाऊन बसतो. त्याला आपली गरजच पडत नाही.

याच काशीत नाथांनी आपले भागवत पूर्ण केले. त्याच नाथांनी रामेश्वरासाठी नेलेले कावडीतले गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजले, ही कथा आपण सारे जाणतो. गाढवाने शेपटी हलवली का, हे कुणी विचारत नाही.

मुलाला आयबो जरूर आणावा. मात्र दारातल्या कुत्र्यासाठी आज पाणी कोण ठेवणार, हेही त्यालाच विचारावे.