नाताळ सरल्यावर

नाताळ झाला, पाहुणे परतले. वसईत घरोघरच्या चांदण्या मात्र अजून उतरलेल्या नाहीत, आणि ते योग्यच आहे. उपासनेच्या दिनदर्शिकेत नाताळचा काळ २५ डिसेंबरला संपत नाही. तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, जानेवारीतही चालतो. आवरायची घाई आपल्यालाच असते.

या दिवसांत गोठ्यामागचे हात आठवावेत. पेंढा आणणारे, दिव्यांच्या माळा जोडणारे, मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर आवारातल्या खुर्च्या एकावर एक रचणारे. माइकवरून त्यांचं नाव कुणी घेत नाही. ३१ डिसेंबरला धर्मग्राम उपकारस्तुतीसाठी जमतं, तेव्हा देवाच्या खालोखाल आभार त्यांचेच.

त्याच बाकांवर यंदा घरातलं माणूस गमावलेली एखादी माउलीही बसलेली असते. सगळ्यांबरोबर तीही गुडघे टेकते. दुःख पदरात घेऊन नव्या वर्षात टाकलेलं ते पाऊल, मी त्यालाच आशा म्हणेन. बेथलेहेमचं बाळ तरी कुठे सुखात वाढलं? मत्तय सांगतो, हेरोदाच्या भीतीने त्याला घेऊन मायबापाने रातोरात इजिप्तची वाट धरली.

तुमच्या नाताळच्या फराळाचं ताट ज्या दारी पोचलं नाही, तिथे आज जाऊन या. थोडा वेळ बसाही.