निर्मळ ध्वनी आणि उरलेली पाच विघ्ने

जुन्या गायनवादनाची ध्वनिमुद्रणे आणि मैफलींची चित्रीकरणे अलीकडे अधिकाधिक निर्मळ रूपात पुन्हा प्रकाशित होऊ लागली आहेत, आणि त्यांच्यामुळे एक प्रश्न नव्याने उभा राहिला आहे, जो वरकरणी तंत्राचा वाटला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. जो गायक आज हयात नाही त्याचा आवाज यंत्रातून स्वच्छ ऐकू येतो, तेव्हा श्रोत्यापर्यंत नेमके काय पोचते: ते गाणेच, गाण्याची प्रतिमा, की केवळ एका सरून गेलेल्या घटनेची खूण? वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर असलेल्या वडनेरसारख्या गावात हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरत आला असला, तरी कापसाच्या या मुलखातील श्रोत्याच्या वाट्याला अभिजात संगीत आले ते मुख्यतः तबकडी, रेडिओ, कॅसेट आणि आता मोबाइल यांच्याच मार्गाने. म्हणून ध्वनिमुद्रण हे मैफलीपेक्षा हलके आणि दुय्यम आहे, असा निर्वाळा देण्याआधी या श्रोत्याच्या अनुभवाचे तत्त्वतः काय मोल आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

प्रथम ‘उच्च दर्जा’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा गायिकेला एका कर्ण्यात गावे लागे, त्या आवाजाच्या दाबाने हलणारी सुई मेणाच्या थाळीवर खाच कोरी, आणि सुमारे तीन मिनिटांत सारे आटोपावे लागे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विद्युत ध्वनिमुद्रण आले, पुढे चुंबकीय फीत आली, आणि शेवटी अंकीय पद्धत आली, जिच्यात ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत नोंदवतात. सीडीमध्ये ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजणीसाठी ६५,५३६ पायऱ्यांची मोजपट्टी असते, तर आजच्या उच्च दर्जाच्या प्रकाशनांत मोजणी अनेकदा सेकंदाला ९६,००० वेळा होते आणि पायऱ्यांची संख्या १ कोटी ६७ लाखांच्या पुढे जाते. जुन्या तबकडीवरून अशी नवी प्रत करताना खरखर कमी करणे, तबकडीची मूळ गती शोधून स्वराची पट्टी योग्य जागी आणणे आणि हरवलेले बारकावे शक्य तितके वर आणणे, ही कामे करावी लागतात.

आता मूळ प्रश्न. ध्वनी टिकतो की नष्ट होतो, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि निकराचा वाद आहे. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. उच्चारणाऱ्याच्या प्रयत्नाने हलणारी हवा, म्हणजे ध्वनी, त्याला निर्माण करत नाही, तर अंधारातील वस्तू दिव्याने दिसावी तसा त्याला फक्त प्रकट करते. त्यांचा मोठा आधार प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ‘हा तोच’ या ओळखीचा आहे: काल ऐकलेला ‘ग’ आज पुन्हा ऐकला की ऐकणारा ‘तसाच ग’ म्हणत नाही, ‘तोच ग’ म्हणतो. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते शब्द, म्हणजे ऐकू येणारा कोणताही आवाज, हा आकाशाचा गुण असून तो उपजतो आणि लगेच नाश पावतो. ‘तोच’ ही ओळख केवळ सारखेपणामुळे होते, जशी क्षणाक्षणाला नवी होणारी दिव्याची ज्योत एकच वाटते. मीमांसकांचा सिद्धान्त वर्णांसाठी आणि अंतिमतः वेदाच्या नित्यत्वासाठी मांडलेला आहे, गाण्यासाठी नव्हे, हे खरे. तरीही एखादी जुनी तबकडी लागताच जाणकाराच्या तोंडून ‘हा तर अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज’ असे जे शब्द निघतात, त्यांत ही प्रत्यभिज्ञाच बोलत असते.

या वादातील एक तपशील ध्वनिमुद्रणाच्या प्रश्नावर अनपेक्षित प्रकाश टाकतो. ज्या ठिकाणी ध्वनी उपजतो तेथून तो कानापर्यंत कसा येतो, हे सांगताना नैयायिक वीचीतरंगन्यायाचा, म्हणजे लाटेतून लाट उठावी तशा क्रमाचा, दाखला देतात. पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देऊन नाहीसा होतो, दुसरा तिसऱ्याला जन्म देतो, आणि कानाला जो भेटतो तो या मालिकेतील अखेरचा शब्द असतो. हे मान्य केले तर मैफलीत अगदी पहिल्या रांगेत बसलेल्या रसिकालाही गायकाच्या कंठात उपजलेला मूळ शब्द कधीच ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतो तो त्या शब्दाचा वंशज. तबकडी, फीत किंवा आकड्यांची रांग या मालिकेत अनेक वर्षांचा एक मुक्काम घालते, एवढेच. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचताना नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार सांगितले. आहत म्हणजे आघाताने उपजणारा, लोकांचे रंजन करणारा नाद. अनाहत म्हणजे आघाताविना असलेला, योग्यांच्या उपासनेचा नाद. या विभागणीने पाहता ध्वनिवर्धकाच्या पडद्याच्या कंपनातून निघणारा स्वरही त्या क्षणी नव्याने उपजलेला आहत नादच असतो. तेव्हा मैफलीतले गाणे ‘प्रत्यक्ष’ आणि मुद्रित गाणे ‘अप्रत्यक्ष’ ही सोपी विभागणी टिकत नाही. दोहोंत फरक आहे, पण तो ध्वनीच्या जातीत नाही. तो ऐकणाऱ्याच्या आणि गाणाऱ्याच्या नात्यात शोधावा लागतो.

हा शोध घेण्यासाठी सर्वांत उपयोगी पडणारे विवेचन काश्मीरच्या अभिनवगुप्तांचे आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत, रससूत्राचे विवरण करताना, त्यांनी रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. जे समोर येते ते मनाला संभवनीयच न वाटणे, हे पहिले विघ्न. अनुभवाला ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ असे मानून विशिष्ट स्थळकाळात अडकून पडणे, हे दुसरे. स्वतःच्याच सुखदुःखाने घेरलेले असणे, हे तिसरे. प्रतीतीची, म्हणजे जाणीव होण्याची, साधने अपुरी असणे, हे चौथे. स्पष्टतेचा अभाव, हे पाचवे. जे मुख्य असायला हवे ते गौण होणे, हे सहावे. आणि काय समोर आहे याविषयी संशय असणे, हे सातवे. हे विवेचन नाट्याच्या संदर्भातले असले, तरी रस घेणाऱ्या कोणाही श्रोत्याला ते लागू पडते. त्यातील चौथे आणि पाचवे विघ्न वाचताना तर खरखरणारी तबकडी आणि दबलेला आवाज यांचीच आठवण होते. उत्तम ध्वनिमुद्रण जे साधते ते हेच: ते सातांपैकी दोन विघ्ने दूर करते. हे काम थोडे नाही, पण ते संपूर्णही नाही.

थोडे का नाही, हे तंबोऱ्याच्या एका तपशिलावरून कळते. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेच्या खाली, एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढेमागे केला की तार घोडीला वेगळ्या जागी हलकेच चाटते आणि एका स्वरातून अनेक सूक्ष्म स्वरांचा झंकार उमलतो. यालाच जवारी लागणे म्हणतात. या झंकाराचा मोठा भाग वरच्या, नाजूक कंपनांचा असतो, आणि कर्ण्याच्या काळातील तबकडीवर तो जवळजवळ उमटतच नसे. पुढच्या काळातील मुद्रणांवर तो उमटला आहे, पण जुन्या फितीची फुसफुसही त्याच प्रदेशात वस्तीला असते. म्हणून सफाई करणारा हात अधीर असेल, तर फुसफुशीबरोबर जवारीही पुसली जाते आणि गायक एका निर्जीव शांततेत गात असल्यासारखा भासतो. गायकाचा श्वास, मध्येच तंबोरा जुळवून घेणे, श्रोत्यांतून उठलेली दाद यांतले काय मळ आहे आणि काय गाण्याचे अंग आहे, हे यंत्राला ठरवता येत नाही. तो निर्णय संगीत जाणणाऱ्या आणि त्यावर प्रेम करणाऱ्या माणसाचा असावा लागतो, आणि त्यात पुसण्याआधी थांबण्याचा विवेक असावा लागतो.

मैफलीचे चित्रीकरण आणखी काही देते. भीमसेन जोशींच्या तानेबरोबर फिरणारे हात, समेच्या आधी तबलजीकडे गेलेली नजर, साथीला बसलेल्या शिष्याने उचललेला स्वर हे सारे दिसू लागते आणि प्रतीतीची साधने वाढतात. मात्र येथेच दुसऱ्या विघ्नाचा धोकाही वाढतो. चित्र जितके स्वच्छ, तितकी बोटातली अंगठी, कपाळावरचा घाम, मागच्या पडद्याचा रंग अधिक ठळक होतो, आणि राग ऐकण्याऐवजी श्रोता एका व्यक्तीला, एका तारखेला, एका सभागृहाला पाहत राहतो. ज्याला अभिनवगुप्त साधारणीकरण म्हणतात, म्हणजे अनुभवाचे ‘तुझे-माझे’पण गळून तो सर्वांचा होणे, त्याला अशा वेळी अडथळा येतो. म्हणून चांगल्या चित्रीकरणाची कसोटी स्पष्टतेइतकीच संयमाचीही असते.

उरलेली पाच विघ्ने तंत्राच्या कक्षेत फारशी येत नाहीत. सातव्या विघ्नापुरती प्रकाशकाची मदत होऊ शकते: राग, ताल, साथीदार, वर्ष, मूळ तबकडी आणि तिच्यावर केलेले संस्कार यांची प्रामाणिक नोंद दिली, तर आवाज खरोखर त्याच गायकाचा आहे ना, हा संशय मिटतो. यंत्राने कोणाचाही आवाज बनवता येऊ लागलेल्या काळात ही नोंद हा धर्मच मानला पाहिजे. पण सहावे विघ्न, म्हणजे मुख्याचे गौण होणे, श्रोत्याच्या हातचे आहे. स्वयंपाकाच्या किंवा प्रवासाच्या मागे गाणे लावून ठेवले, तर मोजणी सेकंदाला ९६,००० वेळा झालेली असली तरी रस निर्माण होत नाही. याउलट साक्ष भीमसेन जोशींच्याच चरित्रात आहे. लहानपणी दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी त्यांच्या कानी पडली आणि तिच्या ओढीने, गुरूच्या शोधात, १९३३ मध्ये त्यांनी घर सोडले. त्या तबकडीवर चौथे आणि पाचवे विघ्न पुरेपूर होते. उरलेल्या पाचांना मात्र त्या मुलाच्या मनात थारा नव्हता. दुसऱ्या टोकाचे उदाहरण गोव्यातील केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर यांचे आहे. त्यांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्यांवर अवकाशात गेली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाईंचे निधन झाले. तो स्वर अत्यंत टिकाऊ साधनावर सुरक्षित आहे, परंतु सहृदय भेटेपर्यंत, म्हणजे समान हृदयाचा रसिक भेटेपर्यंत, तो गाणे होत नाही.

जपणे आणि चालू ठेवणे यांतील हे अंतर वर्धा जिल्ह्याला नवे नाही. सेवाग्रामात १९३६ पासून गांधीजींचा निवास होता; तेथील बापूकुटी आणि त्यांच्या वापरातील वस्तू काळजीने जपलेल्या आहेत, पण आश्रमाची प्रार्थना जपलेली नाही, ती रोज नव्याने म्हटली जाते. गांधीजींचा ईश्वरविषयक विचार १९३१ मध्ये लंडनला कोलंबिया कंपनीने त्यांच्याच आवाजात तबकडीवर मुद्रित केला आणि तो आजही ऐकता येतो. तरीही सांजवेळी जमिनीवर बसून प्रार्थना म्हणणाऱ्यांची जागा ती तबकडी घेऊ शकत नाही, आणि प्रार्थना म्हणणाऱ्यांनाही त्या आवाजाची जागा घेता येत नाही. वर्ध्याजवळच्या गीताई मंदिरात मूर्ती नाही, छत नाही. विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय दगडी शिळांवर कोरलेले आहेत. शिळा जितकी रेखीव तितके वाचन सुकर होते, पण शिळा स्वतः बोलत नाही. वाचणाऱ्याच्या ओठांवर आल्यावरच ती गीताई होते. मुद्रित संगीताचे स्थानही असेच आहे. उलट बाजूने पाहता, १९२२ मध्ये निवर्तलेल्या भास्करबुवा बखले यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नसतानाही त्यांची गायकी मास्टर कृष्णराव, बालगंधर्व आदी शिष्यांच्या गळ्यांतून पुढे आली, याचा अर्थ परंपरा हेही एक धारण करणारे माध्यम आहे, मात्र ते धारण करताना बदलते.

यावरून वडनेरच्या श्रोत्यासंबंधीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने विदर्भातील गावोगावी एकत्र बसून भजन म्हणण्याची आणि ऐकण्याची सवय रुजवली. सामुदायिक प्रार्थनेची ही शिस्त, म्हणजे ठरलेली वेळ, बसलेली माणसे, थांबलेले बोलणे, रसविघ्नांच्या भाषेत अतिशय मोलाची आहे, कारण निजसुखदुःखाचे आणि गौणतेचे विघ्न तिच्यात आपोआप क्षीण होते. अभिनवगुप्तांनीही स्वतःच्या सुखदुःखात गुंतलेल्या प्रेक्षकासाठी गीत, वाद्य आणि सजलेला मंडप हे उपाय सांगितले होते. गावातल्या मंदिराच्या ओसरीवर संध्याकाळी पाच-दहा माणसे बसली, मोबाइलऐवजी एक बरा ध्वनिवर्धक लावला, राग आणि गायक यांविषयी दोन शब्द सांगितले आणि पाऊण तास मध्ये न उठता केसरबाई किंवा भीमसेन ऐकले, तर तेथे घडते ते मैफलीचे अनुकरण नव्हे. ते स्वतंत्र आणि पूर्ण असे श्रवण होय. त्यात एक उणीव राहते, ती मान्य केली पाहिजे: या श्रोत्यांची दाद गायकापर्यंत पोचत नाही आणि तिच्यामुळे पुढची तान बदलत नाही. पण मुद्रित गायनाला दाद देणाऱ्याच्या मनात ती दाद विरून जात नाही. ती त्याला पुन्हा ऐकायला बसवते, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या एखाद्या मुलाला गुरू शोधायला बाहेरही काढू शकते. निर्मळ मुद्रणे प्रकाशित करणाऱ्यांनी आपली दोन विघ्ने निष्ठेने दूर करावीत, आणि उरलेल्या पाचांसाठी ओसरीवर सतरंजी अंथरली जावी, एवढीच अपेक्षा या विवेचनातून उभी राहते.