लाइफस्टाइल की राहणी?

मागल्या साली साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "काका, लाइफस्टाइल बदला." मला बँकेचा काउंटर आठवला. तिथं हप्त्यावर गाडी घेणारा म्हणायचा, "साहेब, लाइफस्टाइल सांभाळावी लागते." मीही लोकांसाठी मुलाच्या लग्नात कर्ज काढलंच की! म्हणजे तो शब्द दाखवण्याचा. आपला शब्द 'राहणी'. कुणी पाहो न पाहो, ती तशीच असते.

भागवतातले अवधूत मध काढून नेणाऱ्याकडून शिकले, साठवलेला मध दुसराच नेतो. आपल्या अंबाजोगाईचे दत्तभक्त दासोपंत यांनी सुमारे 400 वर्षांपूर्वी पासोडीवर 'पंचीकरण' लिहिलं. लोक पासोडी पांघरतात. त्यांनी तिचा ग्रंथ केला.

गोळीनं साखर उतरेल, हाव मात्र राहणीनंच उतरेल. सुरुवात माझ्यापासून.

श्रीगुरुदेव दत्त!